बडोद्यास आलेले दोघे

बडोदे शहराच्या इतिहासात बेचाळीस वर्षांच्या अंतराने दोन व्यक्ती तेथे आल्या. पहिली १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यातून आली. दुसरी १९१७ च्या सप्टेंबरात, न्यूयॉर्क व लंडन येथील विद्याभ्यास करून, मुंबईहून आली. पहिला बारा वर्षांचा, जेमतेम अक्षरओळख असलेला शेतकऱ्याचा मुलगा होता. दुसरा सव्वीस वर्षांचा, कोलंबिया विद्यापीठाची पदवी घेतलेला पंडित होता. पहिला त्या शहराचा राजा झाला. दुसऱ्यास त्या शहरात पाठ टेकण्यापुरती खोलीदेखील मिळाली नाही. पहिल्याचे नाव श्रीमंत सयाजीराव गायकवाड, दुसऱ्याचे डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. आणि दुसऱ्याच्या परदेशातील शिक्षणाचा खर्च पहिल्यानेच सोसला होता, हे वाचकांस ठाऊक आहेच.

या दोन्ही हकिकती आजवर अनेकांनी सांगितल्या आहेत. परंतु त्या बहुधा वेगवेगळ्या ग्रंथांत, वेगवेगळ्या हेतूंनी सांगितल्या जातात. एकीतून आदर्श नृपतीचे चरित्र उभे राहते, तर दुसरीतून अस्पृश्यतेच्या क्रूरतेचा दाखला मिळतो. आम्हांला त्या शेजारी शेजारी ठेवून वाचाव्याशा वाटतात. समाज माणसाला कसा घडवितो, त्याला समाजातील एखादे स्थान कसे प्राप्त होते, आणि योग्यता असूनही ते कसे नाकारले जाते, या प्रश्नाचे जे उत्तर एकेकट्या हकिकतीतून अर्धवट मिळते, ते दोन्ही मिळून पुरे होते असा आमचा समज आहे.

आपल्याकडे या घडविण्यास ‘संस्कार’ असा जुना शब्द आहे. मडके भाजावे, सोने तावावे, तसे मुलाला संस्काराने पक्के करावे, अशी त्यामागची कल्पना. या कल्पनेत घडविणारा एक आणि घडणारा दुसरा. बाकीच्या जगाचा तेथे फारसा संबंध नाही. गेल्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील काही विचारवंतांनी या प्रश्नाकडे निराळ्या बाजूने पाहिले. चार्ल्स हॉर्टन कूली यांनी १९०२ साली असे प्रतिपादन केले की, माणसाचा ‘मी’ आरशातील प्रतिबिंबासारखा असतो. इतरांना आपण कसे दिसतो याची जी कल्पना आपण करतो, तिच्यातून तो उभा राहतो. जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी हाच विचार पुढे नेला. मूल आधी भातुकलीत आई होते, दुकानदार होते, चोर-शिपाई होते. पुढे आट्यापाट्यांसारखा सांघिक खेळ खेळू लागले म्हणजे स्वतःच्या जागेबरोबर इतर प्रत्येक गड्याची जागाही मनात धरून खेळू लागते. सर्वांच्या नजरेने स्वतःकडे पाहता येणे, हाच मीड यांच्या मते ‘मी’चा जन्म होय. त्यांची ही व्याख्याने त्यांच्या निधनानंतर, १९३४ साली, ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मीड यांचा जन्म १८६३ च्या फेब्रुवारीतला आणि कवळाण्याच्या गोपाळरावांचा त्याच वर्षीच्या मार्चमधला. हा केवळ योगायोग. परंतु मीड यांचे स्नेही व सहकारी जॉन ड्यूई हे कोलंबिया विद्यापीठात आंबेडकरांचे गुरू होते, हा मात्र निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही.

आता पहिल्या आगमनाकडे वळू.

खंडेराव महाराज १८७० च्या नोव्हेंबरात निवर्तले. त्यांना पुत्र नव्हता. राणी जमनाबाई गरोदर होत्या. गादी खंडेरावांचे बंधू मल्हारराव यांच्याकडे गेली. भावाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १८६३ पासून पादरा येथे बंदिवासात असलेला हा पुरुष कैदखान्यातून उठून थेट सिंहासनावर बसला. १८७१ साली जमनाबाईंना कन्या झाली. पुत्र झाला असता तर मल्हाररावांना गादी सोडावी लागली असती. कन्या झाल्याने ती त्यांच्याकडे राहिली. राजघराण्यातील त्या अर्भकाचे समाजातील स्थान त्याने पहिला टाहो फोडण्यापूर्वीच ठरून गेले होते. पुढे मल्हाररावांचा कारभार, रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावरील विषप्रयोगाचे प्रकरण आणि त्याची चौकशी होऊन, चौकशी मंडळात एकमत झालेले नसतानाही, १८७५ च्या एप्रिलात इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. जमनाबाईंना दत्तक घेण्याची अनुमती मिळाली आणि गायकवाड घराण्याच्या, शेतीवर उपजीविका करणाऱ्या कवळाणे येथील शाखेतून मुले बडोद्यास आणण्यात आली.

‘तू येथे कशासाठी आलास?’ असे या मुलांना विचारण्यात आले, तेव्हा काशीरावांचा मुलगा गोपाळराव ‘राज्य करण्यासाठी’ असे म्हणाला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ती रुजली हे महत्त्वाचे. कारण राजपद मुलाच्या अंगी मुळातच होते, ते केवळ प्रकट झाले, असे मानण्याची लोकांना आवड असते. वस्तुस्थिती निराळी होती. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले, गोपाळरावाचा सयाजीराव झाला, आणि त्यानंतर राजा घडविण्याचे काम सुरू झाले. वर्षअखेरीस इंग्रज सनदी अधिकारी एफ. ए. एच. इलियट हे शिक्षक म्हणून नेमले गेले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषांचा अभ्यास, त्यांच्या जोडीला गणित, इतिहास, भूगोल, आणि शरीर कमावण्यासाठी कुस्ती व घोड्यावरची रपेट असा तो क्रम होता. दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८१ साली राज्यकर्त्याच्या कर्तव्यांवर व्याख्यानेच दिली. ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने पुस्तकरूपाने उपलब्ध आहेत. २८ डिसेंबर १८८१ रोजी महाराजांस राज्याधिकार मिळाले. सहा वर्षांत काम पुरे झाले!

हे काम कोणी केले, असे विचारले तर चरित्रकार तीन नावे घेतात: राजवाड्यातील जमनाबाई, शाळेतील इलियट आणि कचेरीतील माधवराव. ती रास्तच आहेत. परंतु आमच्या मते या कामात चौथा हात होता आणि तोच सर्वांत बळकट होता. तो बडोदे शहराचा. दत्तविधानाच्या दुसऱ्या दिवसापासून त्या मुलासमोर मानकरी मुजरा करीत होते, वृद्ध सरदार उभे राहत होते, भालदार-चोपदार ललकारत होते. इलियट यांनी पहिला धडा देण्याच्या कितीतरी आधी शहराने त्यास राजा म्हणून पाहावयास आरंभ केला होता. ज्याच्याकडे सारे शहर राजा म्हणून पाहते, त्याला स्वतःकडे राजा म्हणून पाहावयास शिकणे जड जात नाही. कूली यांचा आरसा येथे अठ्ठेचाळीस कोनांचा होता आणि प्रत्येक कोनातून एकच प्रतिबिंब दिसत होते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. माणूस हा ओल्या मातीचा गोळा नव्हे. इंग्रज सरकारला संस्थानिकांची नवी पिढी आज्ञाधारक, हिशेबी व विलायती रीतीभातींची हवी होती. राजकोट येथील राजकुमार कॉलेज व अजमेर येथील मेयो कॉलेज या संस्था त्याच धोरणातून निघाल्या. सयाजीरावांचे शिक्षणही याच धोरणाच्या छायेत झाले. परंतु जे शिकविले गेले त्यातून त्यांनी जे घेतले, ते शिकविणाऱ्यांच्या हिशेबाबाहेरचे होते. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सम्राटासमोर अपेक्षित थाटाने न जाता, एकदाच लवून ते वळून चालू लागले, यावर केवढे काहूर माजले! पुढे त्यांनी दिलगिरीचे पत्र पाठविले हेही खरे. पत्र लिहिणारा मांडलिक आणि पाठ फिरविणारा पुरुष, या दोन्ही भूमिका एकाच देहात नांदत होत्या. त्यांतील पहिली त्यांना देण्यात आली होती. दुसरी त्यांनी स्वतः वाचून, हिंडून, पाहून मिळविली होती.

दुसऱ्या आगमनाची कथा बडोद्यापासून दूर, सातारच्या शाळेत सुरू होते.

७ नोव्हेंबर १९०० रोजी त्या शाळेच्या पटावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव नोंदले गेले. या विद्यार्थ्याने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे की, वर्गात बसण्यासाठी त्याला घरून आणलेले गोणपाट वेगळे अंथरावे लागे, आणि तहान लागली तरी शिपायाने नळ उघडल्याखेरीज पाणी पिता येत नसे. शिपाई नसला की पाणी नाही. शाळेत इतिहास, भूगोल, गणित शिकविले जात होते, पण त्या मुलास सर्वांत पक्का शिकविला गेलेला धडा हा होता. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, हा धडा एकट्या भिवास दिला जात नव्हता. वर्गातील इतर सर्व मुले तो त्याच वेळी गिरवीत होती. गोणपाटावरचा मुलगा आपले स्थान शिकत होता, तर बाकावरची मुले त्याच्याकडे कसे पाहावयाचे हे शिकत होती.

पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातील अभ्यासास बडोद्याचे साह्य मिळाले आणि १९१३ साली बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर आंबेडकर कोलंबियास गेले. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी, असा करार होता. १९१५ साली ते एम. ए. झाले, १९१६ साली लंडनला गेले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतले आणि करारानुसार बडोद्यास रुजू होण्यास निघाले. त्या प्रवासाविषयी त्यांनी जे लिहिले आहे ते आमच्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. युरोप-अमेरिकेतील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच आपल्या मनातून पुसून गेली होती, आणि बडोद्याच्या स्थानकावर उतरताच ‘आता कोठे जावयाचे?’ या एका प्रश्नासरशी ती परत आली, असा त्यांच्या निवेदनाचा आशय आहे. बालपणातील इतक्या वर्षांचा धडा चार वर्षांत पुसला जातो, कारण न्यूयॉर्कमध्ये त्या नजरेने पाहणारे कोणी नव्हते. आणि पुसलेला धडा क्षणात परत उमटतो, कारण बडोद्यात ती नजर प्रत्येक दारात उभी होती. मीड यांच्या सिद्धांतास यापेक्षा बोलका पुरावा आम्हांस ठाऊक नाही.

हिंदू हॉटेलात प्रवेश मिळणे शक्य नव्हते, म्हणून ते एका पारशी विश्रामगृहात गेले. अंगात सदरा-कस्ती नसल्याने ते पारशी नाहीत हे तेथील व्यवस्थापकाच्या ध्यानात आले. अखेर पारशी नाव नोंदवून राहण्याची तडजोड झाली. कचेरीत काय घडे, हे धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात आले आहे: शिपाई कागदपत्रे दुरून टाकीत, पिण्यास पाणी मिळत नसे. अकराव्या दिवशी हातांत काठ्या घेतलेला पारशी मंडळींचा जमाव विश्रामगृहात आला आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचा हुकूम सुनावून गेला. त्यांनी दोन स्नेह्यांकडे आसरा मागितला. एक हिंदू होता. त्याला या प्रकाराचा संताप आला. परंतु तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील, असे तो म्हणाला. दुसरा ख्रिस्ती झालेला होता. त्याने पत्नीला विचारावे लागेल असे सांगून वेळ मारून नेली. सरकारी बंगला मिळण्यासाठी दिवाणाकडे केलेला अर्ज लांबणीवर पडला होता. आंबेडकरांनी काही तास कमाठी बागेत काढले आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

यातील नोकरांचे उत्तर पुन्हा वाचावे. सुशिक्षित स्नेह्याच्या मनात किंतु नव्हता, असे धरून चालू. तरीही त्याच्या घराचे दार त्याच्या नोकरांच्या हाती होते. धनी कोण आणि चाकर कोण, हे इतर सर्व बाबतींत ठरलेले असताना या एका बाबतीत चाकरांची नजर धन्यास बांधून ठेवीत होती. इतकेच काय, ज्याच्या पैशाने आंबेडकर शिकले, ज्याच्या हुकुमाने ते नोकरीस आले, त्या महाराजांनाही आपल्या राजधानीत आपल्या अधिकाऱ्यास एक खोली देवविता आली नाही.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, ही तुलनाच अन्यायाची आहे. सयाजीरावांच्या मुजऱ्यामागे रेसिडेन्सीची तोफ होती. आंबेडकरांच्या मागे काय होते? आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. परंतु आंबेडकरांच्या मागेही महाराजांचा हुकूम होताच, आणि बडोद्यात महाराजांचा हुकूम ही लहान गोष्ट नव्हती. मग एक हुकूम चालला आणि दुसरा का चालला नाही? आम्हांस असे वाटते की, मुजरा करण्याची सवय बडोद्यास पिढ्यान्‌पिढ्यांची होती. १८७५ साली फक्त मुजऱ्याची दिशा बदलावयाची होती. शिवाय गायकवाडांच्या कुळातील गरीब मुलगा दैवयोगाने गादीवर येतो, ही कथा लोकांच्या मनात आधीपासूनच तयार होती. गोपाळरावांना तिच्यात जाऊन बसावयाचे होते. महार जातीचा विद्वान अधिकारी होऊन येतो, आपण त्याला पाणी देतो आणि त्याच्या हातून कागद घेतो, या कथेला बडोद्याच्या मनात जागाच नव्हती. असलेली सवय हुकुमाने वळविता येते. नसलेली सवय हुकुमाने निर्माण करता येत नाही.

मग ती कशाने निर्माण होते? सयाजीरावांना याचे उत्तर ठाऊक होते, आणि त्यांनी त्या दिशेने जे केले ते हिंदुस्थानात दुसऱ्या कोणी तोवर केले नव्हते. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली ती योजना मुलग्यांबरोबर मुलींसाठीही साऱ्या राज्यास लागू झाली. नामदार गोखले यांनी १९११ साली कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यासमोर होते. अंत्यजांसाठी बडोदे राज्यात १८८० नंतरच्या काही वर्षांतच शाळा निघाल्या. तेथे शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक येईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्यसमाजाचे पंडित आत्माराम यांच्याकडे या शाळांची देखरेख सोपविण्यात आली. या सर्वांचे श्रेय निर्विवाद आहे. तथापि अंत्यजांच्या या शाळा वेगळ्या होत्या. अक्षर दोन्हीकडे पोहोचले. पण दोन्हीकडची मुले एका सतरंजीवर बसली नाहीत. अंत्यज मूल वाचावयास शिकले, परंतु त्याला वाचताना पाहण्यास बाकीची मुले तेथे नव्हती. शिवाय १९०६ साली सात वर्षांचे असलेले मूल १९१७ साली अठरा वर्षांचे होते. कचेऱ्या, विश्रामगृहे व घरांची दारे ज्यांच्या हाती होती ती पिढी त्याआधीचीच होती. शाळा पिढीमागून पिढी चालते, आणि भुकेल्या व थकल्या माणसाला खोली त्याच रात्री हवी असते. या दोन वेगांमधील अंतरात आंबेडकर कमाठी बागेत बसले होते.

त्या अनुभवातून त्यांनी काय घेतले, हे पुढील दहा वर्षांनी दाखविले. २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी हजारोंनी प्राशन केले. तहान भागविणे हा त्यामागील हेतू नव्हता. प्राशन करणारे स्वतःकडे आणि पाहणारे त्यांच्याकडे यापुढे कोणत्या नजरेने पाहतील, हा त्यातील प्रश्न होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात महाडच्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्याचा, जातीची खूण ठरलेले दागिने टाकण्याचा उपदेश केला. वरवर पाहणाऱ्यास ही गोष्ट किरकोळ वाटेल. परंतु वेष ही भूमिकेची वर्दी असते, आणि वर्दी उतरविल्याखेरीज पाहणाऱ्याची सवय मोडत नाही, हे ज्याने सदरा-कस्तीवाचून अकरा दिवस पारशी नावाने काढले त्याच्याइतके कोणास कळणार? १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. तोही एक हुकूमच होय, आणि आवश्यक हुकूम होय. हुकुमाने काय होते व काय राहून जाते, हे त्या घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांना इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते.

आमचे आयुष्य शाळेत गेले, म्हणून शेवटी शाळेविषयीच दोन शब्द लिहितो. चांगली शाळा कोणती, असे विचारले असता आम्ही शिक्षक मंडळी गुणवंत विद्यार्थ्यांची यादी पुढे करतो. गोपाळरावास सयाजीराव करणारे इलियट आम्हां सर्वांस व्हावेसे वाटते. परंतु इलियट यांचे काम सुकर होते. मुजरा करणारे हात त्यांना आयते मिळाले होते. एका गरीब मुलीला डॉक्टर करणे हे आमचे अर्धे काम. ती डॉक्टर होऊन गावी आली असता तिच्या हातून औषध घेणारा, तिला घर भाड्याने देणारा, तिच्या हाताखाली विनातक्रार काम करणारा माणूस याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेला असतो, आणि त्याला घडविणे हे उरलेले अर्धे. पाठ्यपुस्तकात हा धडा नाही. तो स्नेहसंमेलनात राजाचा मुकुट कोणास मिळतो व द्वारपालाचा भाला कोणास, वर्ग झाडण्यास कोणाचे नाव प्रथम सुचते, पाहुण्यांस पाणी देण्यास कोणास पाठविले जाते आणि सभेत आभार मानण्यास कोणास उभे केले जाते, यांतून दिला जातो. मुले तो कवितेपेक्षा लवकर पाठ करतात, कारण त्याची रोज उजळणी होते.

म्हणून आमची शिक्षकबंधूंस व भगिनींस एवढीच सूचना आहे की, वर्षाच्या अखेरीस निकालपत्रक तयार करताना शेजारी आणखी एक कागद घ्यावा आणि या वर्षात कोणते काम कोणत्या मुलास किती वेळा सांगितले, याची त्यावर नोंद करावी. त्या नोंदीत काही नावे एकाच रकान्यात पुन्हा पुन्हा येत असतील, तर पुढील वर्षाच्या पहिल्या दिवशी काय करावयाचे हे निराळे सांगण्याची गरज राहणार नाही.